कॉम्प्युटर सारखा रिस्टार्ट होतोय? विंडोज मारण्याआधी भिंतीतल्या पिनपासून तपासत या

चालू कॉम्प्युटर मधेच विझतो आणि कुणी हात न लावता परत सुरू होतो. दुकानात नेला की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो, "विंडोज मारून बघू." तो मानण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. कॉम्प्युटर कधी आणि कसा बंद पडला याची नोंद तो स्वतः ठेवत असतो आणि विंडोज नव्याने टाकलं की ती नोंद पुसली जाते. शिवाय सातारा-सांगलीकडच्या घरांत या दुखण्याचं मूळ पुष्कळदा विंडोजच्या आसपासही नसतं. भिंतीतली ढिली पिन, यूपीएसची मेलेली बॅटरी, थकलेला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा), पंख्यावर बसलेली धूळ, यांतलंच काहीतरी निघतं. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची. आधी वीज, मग एसएमपीएस, मग उष्णता, त्यानंतर रॅम आणि मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), आणि विंडोज सगळ्यात शेवटी.

त्याही आधी डेटा वाचवा. दर अचानक रिस्टार्टला डिस्कवर एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. टॅलीचा हिशेब, मुलांचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, जे परत मिळणार नाही ते आजच पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉम्प्युटर तेवढा वेळही टिकत नसेल तर डिस्क काढून यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधी शोधून कागदावर लिहून ठेवा.

केव्हा होतं, ते लिहा

दोन-तीन दिवस कॉम्प्युटरशेजारी वही ठेवा. रिस्टार्ट झाला की वेळ, त्या क्षणी घरात काय सुरू झालं आणि कॉम्प्युटरवर काय चाललं होतं, एवढंच लिहा. मिक्सर, फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना होत असेल तर विजेकडे बघायचं. गेम किंवा व्हिडिओचं काम सुरू करून दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर उष्णता किंवा एसएमपीएस. सकाळी पहिल्यांदा लावल्यावर दोन-तीनदा रिस्टार्ट होऊन मग दिवसभर नीट चालत असेल तर एसएमपीएसमधले किंवा बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) म्हातारे झालेत असं समजा, कारण थंड असताना ते जास्त अडखळतात. टेबलाला धक्का लागल्यावर होत असेल तर कुठेतरी जोडणी ढिली आहे. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला पेन ड्राइव्ह लावताना होत असेल तर त्या पोर्टमधली पट्टी वाकून शॉर्ट होते आहे.

आणखी एक फरक नीट बघायला हवा. कॉम्प्युटर बंद पडून बंदच राहतो की लगेच परत सुरू होतो? प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो आणि यंत्र सहसा बंद राहतं. एसएमपीएसवर जास्त भार आला किंवा कुठे शॉर्ट झालं तरी तेच. तेव्हा एसएमपीएस अडून बसतो आणि मागचं बटण बंद करून काही सेकंदांनी चालू केल्याशिवाय उठत नाही. क्षणात विझून लगेच उठणारा कॉम्प्युटर वेगळा. तिथे वीज क्षणभर कमी पडलेली असते, रिसेटची तार कुठेतरी टेकलेली असते किंवा विंडोजने गंभीर चूक झाली म्हणून स्वतःच रिस्टार्ट घेतलेला असतो. अपवाद आहेत, पण सुरुवातीला वाट ठरवायला एवढं पुरेसं आहे.

कॉम्प्युटरने लिहिलेली नोंद कशी वाचायची

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टम'. रिस्टार्टच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर रिस्टार्ट कुणीतरी सांगून झाला आहे. अपडेटने, एखाद्या प्रोग्रामने की माणसाने, ते तिथेच लिहिलेलं असतं. ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं, एवढाच अर्थ.

खरी कामाची नोंद ४१ क्रमांकाची, 'कर्नल-पॉवर' नावाची. ती बघून "पॉवरचा प्रॉब्लेम" असं लगेच ठरवू नका. यंत्र नीट बंद न होता उठलं की ती येतेच. तिच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' बघा. तिथे ० असेल तर विंडोजला काही कळण्याआधीच वीज गेली, रिसेट झाला किंवा यंत्र पूर्ण गोठलं. तपास विजेकडे वळवा. ० सोडून दुसरा आकडा असेल तर विंडोजचा गंभीर चुकीचा निळा पडदा येऊन गेला आहे. हा आकडा दशमान पद्धतीत असतो. २६ असेल तर रॅमपासून सुरुवात करा. १२२ असेल तर डिस्क किंवा तिची केबल, १५९ असेल तर स्लीपमध्ये जाता-येता अडलेला ड्रायव्हर, २७८ असेल तर ग्राफिक्स, आणि २९२ असेल तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम किंवा वीज यांपैकी कुठल्यातरी हार्डवेअरने हात टेकलेत. त्याच नोंदीत 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' ० नसेल तर पॉवरचं बटण दाबलं गेलं होतं किंवा अडकलं होतं.

निळा पडदा इतका झटकन जातो की वाचता येत नाही. तो थांबवण्यासाठी स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या खालचं 'सेटिंग्ज' दाबा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा थांबेल आणि स्टॉप कोडचा मोबाइलवर फोटो घेता येईल. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत हा पडदा काळा असतो. रंग बदलला आहे, अर्थ तोच.

पडदा न येता विझत असेल तर ही चाचणी कराच, एक पैसा लागत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि तिथेच अर्धा-पाऊण तास राहू द्या. तिथेही रिस्टार्ट झाला तर विंडोज निर्दोष आहे, कारण ते सुरूच झालेलं नाही. अशा यंत्रावर विंडोज टाकण्याचे पैसे वाया जातात. बायोसमध्ये तेवढा वेळ टिकला तर लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डावर आणि डिस्कवर फारसा भार नसतो. मग पेन ड्राइव्हवरून उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) 'ट्राय' करून दोन तास व्हिडिओ चालवा. तिथे टिकला आणि विंडोजमध्येच पडत असेल, तर विंडोजवर संशय घ्यायला जागा आहे.

वीज

कॉम्प्युटर आपोआप परत का उठतो, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. एसएमपीएस २३० व्होल्टची एसी वीज घेऊन बोर्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी देतो. सोबत बोर्डाकडे करड्या रंगाची एक तार जाते. तिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास दाब असला की बोर्ड समजतो, वीज ठीक आहे. आतले व्होल्ट मर्यादेखाली घसरले की एसएमपीएस तो दाब काढून घेतो आणि बोर्ड प्रोसेसरला जागच्या जागी थांबवतो. वीज सावरली की तार पुन्हा ५ वर येते आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. हे सगळं क्षणात घडतं. बघणाऱ्याला फक्त रिस्टार्ट दिसतो.

बाहेरची वीज क्षणभर गेली तरी एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर साठवलेल्या विजेवर काम निभावतो. एटीएक्स या कॉम्प्युटरच्या मानकाच्या नियमांनुसार चांगला एसएमपीएस भारावर असताना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे पाऊण आवर्तनाहून थोडं जास्त. पण हा कपॅसिटर उष्णतेने वाळत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. सांगलीचा एप्रिल-मे काढलेला पाच-सहा वर्षांचा स्वस्त एसएमपीएस म्हणूनच दिव्याच्या नुसत्या लुकलुकण्यालाही मान टाकतो. "लाइट गेलीच नव्हती, तरी रिस्टार्ट झाला," असं लोक सांगतात तेव्हा ते खरंच असतं. डोळ्यांना न कळणारा झोल त्या एसएमपीएसला पेलवला नाही.

असा झोल आपल्याकडे येतो कुठून? मळ्यातल्या वस्तीवर घर असेल आणि घराची वीज शेतीपंपांच्याच डीपीवरून येत असेल, तर पंपांकडे बघा. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. बऱ्याच पंपांना ऑटो स्विच असतो. थ्री फेज आली की त्या डीपीवरच्या मोटरी जवळजवळ एकदम उठतात आणि दाब काही क्षण पडतो. तुमच्या वहीतल्या रिस्टार्टच्या वेळा थ्री फेज येण्याच्या वेळेशी जुळत असतील तर शोध तिथेच संपला. गावात किंवा शहरात हेच काम घरातली पाण्याची मोटर, गीझर किंवा एसी करतो, वायरिंग जुनं किंवा बारीक असेल तर जास्तच.

आता हाताने बघण्याच्या गोष्टी. पिन सॉकेटमध्ये हलते का? पिनचं टोक काळं पडलंय का, सॉकेट गरम लागतं का? कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल पूर्ण आत बसली आहे का? ती अर्धा सेंटिमीटर बाहेर असली तरी वरून बसल्यासारखी दिसते. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डातल्या पितळी पट्ट्या वर्षा-दोन वर्षांत सैल होतात. एक दिवस बोर्ड बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. कित्येक तक्रारी इथेच मिटतात.

वायरमन बोलावलात तर मल्टिमीटरने तीन मोजमापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दाब हवा. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट, फार तर पाच. तिसरा आकडा मोठा असेल तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा अर्थिंग नावापुरतं आहे. थ्री फेज जोडणीच्या घरात न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी चारशेच्या जवळ दाब येऊ शकतो आणि कॉम्प्युटरच काय, टीव्ही-फ्रिजही जळतात. त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका आणि स्वतःही करू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, हे मोजण्याआधीच कळलं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज जमिनीत जायला वाट नसल्याने पत्र्यावर थांबते. जत, आटपाडी, माण, खटावकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की जुनं अर्थिंगही कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

स्टॅबिलायझरने हा त्रास जातो असं अनेकांना वाटतं. साध्या रिलेवाल्या स्टॅबिलायझरमध्ये टप्पा बदलताना 'टक्' आवाज होतो आणि त्या क्षणी वीज काही मिलिसेकंद तुटते. कमजोर एसएमपीएसला तेवढा तुटवडाही पुरतो. घरचा इन्व्हर्टरही तपासा. बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि साधा मोड अशी निवड असते. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना ४० मिलिसेकंदांपर्यंत खंड पडू शकतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. यूपीएस मोड लावा. मग इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टखालीच बॅटरीवर जाईल, त्यामुळे जिथे दाब सतत कमी असतो तिथे बॅटरी लवकर उतरेल. ते गृहीत धरून चाला.

पैसे खर्च करायचेच असतील तर लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसवर करा. तो कमी-जास्त दाब सावरतो आणि चार ते दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट. साध्या घरगुती कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला तो पुरतो, ग्राफिक्स कार्डवाल्याला १००० व्हीए किंवा वरचा घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा आतला हीटर झटक्याझटक्याने कित्येक शे वॅट ओढतो. 'प्रिंट दिली की रिस्टार्ट' या तक्रारीचं कारण बहुधा तेच.

घरात यूपीएस आधीपासून असेल तर संशयितांत त्यालाही धरा. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. मग यूपीएस वरून चालू दिसतो, पण लाइट गेल्याक्षणी तोंड फिरवतो. चाचणीसाठी कॉम्प्युटर काढा, ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब यूपीएसला लावा आणि भिंतीतलं बटण बंद करा. बल्ब पाच मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला. यूपीएस फेकायची गरज नाही.

एसएमपीएस

बाहेरची वीज ठीक निघाली तर पुढचा संशयित एसएमपीएसच. त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे फक्त १६८ वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला ते चालून जाईल. मुलाने गेमसाठी कार्ड टाकलं आणि त्याच आठवड्यात रिस्टार्ट सुरू झाले, तर दोष कार्डाचा नाही. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेलं लाल बटण असेल तर ते २३० वर आहे ना, तेही बघून घ्या. ते चुकूनही ११५ वर सरकवू नका, लावताक्षणी फुटेल.

मल्टिमीटर असेल तर कॉम्प्युटर चालू असताना मोकळ्या चार-पिनी कनेक्टरवर मोजा. काळी तार मायनस, पिवळी १२, लाल ५. पिवळीवर ११.४० ते १२.६० आणि लालवर ४.७५ ते ५.२५ यांच्यामध्ये आकडा हवा. बायोसही हे आकडे दाखवतो, पण ते अंदाजे असतात. महत्त्वाचं म्हणजे भार टाकून मोजा. शांत असताना १२.१ दाखवणारा एसएमपीएस व्हिडिओ रेंडर सुरू करताच ११.२ वर आला, तर तो गेलेला आहे. हिरवी तार काळीला टेकवून पंखा फिरतो का बघण्याची पद्धत दुकानांत चालते. तिने एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, भार पेलतो का ते कळत नाही. सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे ओळखीच्या कुणाचा चालू असलेला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं.

एसएमपीएस उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात. पाल किंवा झुरळ आत शिरून मेलं असेल आणि जळका वास येत असेल तरी साफ करून वापरायचा मोह नको. नवीन घेताना ८० प्लस प्रमाणित आणि बीआयएसचा शिक्का असलेला घ्या. स्वस्तातल्या स्वस्तात वाचवलेले पैसे बोर्ड गेला की चौपट जातात.

उष्णता आणि धूळ

कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात ठेवलेलं कॅबिनेट ही आपल्या घरांतली सर्रास दिसणारी चूक. खणाचं दार काढा, मागे आणि बाजूला निदान १५ सेंटिमीटर मोकळं ठेवा, चालू असताना वर कापडी कव्हर नको. एचडब्ल्यू मॉनिटरसारख्या मोफत प्रोग्रामने प्रोसेसरचं तापमान बघा. नुसता चालू असताना ३५ ते ५०, कामाच्या भाराखाली ८०-८५ पर्यंत चालतं. ९५-१०० ला तो स्वतःचा वेग कमी करतो, त्याहून वर गेला की वीज तोडतो.

सफाईसाठी केबल काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून आतली वीज उतरवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. रंगाचा मऊ एक इंची ब्रश आणि ब्लोअर पुरेत. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. मुख्य धूळ पंख्यावर दिसते ती नव्हे. ती पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये गादीसारखी बसलेली असते, पंखा काढल्याशिवाय दिसत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळदीची बारीक पूड आणि साखर कारखान्यांच्या बाजूला बगॅसचा भुसा हवेत असतो, तिथे दर तीन महिन्यांनी सफाई करा. देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या यंत्रात उदबत्तीचा धूर आणि तेलाची वाफ बसून धूळ चिकट होते. ती फुंकून निघत नाही, ब्रशनेच काढावी लागते.

इंटेलच्या डब्यातल्या जुन्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी सुटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि तापमान भराभर चढतं. चारही दाबून बघा. कूलर काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा आणि नवीन पेस्टचा मटाराच्या छोट्या दाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

रॅम, जोडण्या आणि बोर्ड

रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, कण झटका आणि 'खट्' आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेकीवर एकेक दिवस चालवा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवली की चार फेऱ्या होतात. एकही चूक दाखवली तर ती पट्टी बाद. "एकच तर चूक आहे" असं म्हणून चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वाढवलेला वेग) चालू असेल तर आधी ते बंद करून बघा, काही वेळा रॅम चांगली असते आणि वेग झेपत नसतो.

बोर्डावरचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा छोटा कनेक्टर काढून घट्ट बसवा. छोट्याकडे सहसा कुणी बघत नाही. मग पुढच्या पॅनेलकडून येणाऱ्या बारीक तारांपैकी 'रिसेट' लिहिलेली जोडी बोर्डावरून उपसून काढा. तिच्याशिवाय कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो. रिस्टार्ट थांबले तर रिसेटचं बटण आत अडकत होतं, दुसरं काही नाही. नवे भाग घेण्याआधी हे जरूर करा.

प्रोसेसरभोवतीच्या गोल कपॅसिटरचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी चिकटा गळालेला दिसला तर बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे द्या. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपल्याने घड्याळ मागे पडतं, रिस्टार्ट सहसा होत नाहीत. उगाच त्यावर खापर फोडू नका.

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस बंद ठेवलेलं यंत्र ओलीने अडखळतं. पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवलं तर आतल्या उबेने ते कोरडं राहतं. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजून नंतर वाळवलेली यंत्रं अजूनही कुणाकडे चालू असतील, तर बोर्डावर हिरवट-पांढरा थर आहे का ते बघा. पुराच्या पाण्यातला गाळ आणि क्षार पुढे वर्षानुवर्षं तांबं खात राहतात. थर अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघतो, पण पाण्यात गेलेला एसएमपीएस पुन्हा वापरू नये.

आता विंडोज

रिस्टार्ट म्हटलं की व्हायरसचं नाव घेण्याची सवय ऑगस्ट २००३ च्या ब्लास्टरपासूनची असावी. तो खरोखर विंडोज एक्सपीवर ६० सेकंदांची उलटी गिनती दाखवून यंत्र रिस्टार्ट करायचा. आज हे कारण क्वचित निघतं. एकदा पूर्ण स्कॅन करा आणि पुढे चला.

नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं की 'ट्रबलशूट' आणि 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून ४ दाबून सेफ मोडमध्ये जाता येतं. तिथे नीट चालत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी', मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लगेच 'स्कॅननाऊ' असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की बिघडलेल्या सिस्टम फाइल दुरुस्त होतात. रात्री ठरावीक वेळी होणारे रिस्टार्ट अपडेटचे असतील तर 'ॲक्टिव्ह अवर्स' बदला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे एवढं सगळं करूनही विंडोज टाकायचंच ठरलं तर यंत्र ११ ला पात्र आहे का ते आधी तपासा.

लॅपटॉप असेल तर बाहेरच्या विजेचा भाग सोडून द्या, बॅटरी तो धक्का झेलते. फक्त बॅटरीवर आणि फक्त चार्जरवर असा वेगवेगळा चालवून बघा, मग धूळ आणि रॅम. फुगलेली बॅटरी दिसली तर वापर तिथेच थांबवा.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर वही, स्टॉप कोडचे फोटो आणि ४१ क्रमांकाची नोंद सोबत न्या, आणि "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका" असं पावतीवर लिहून घ्या. नवा भाग विकत घेण्याआधी जुन्याची वॉरंटी बघा. डब्यातून आलेल्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला तीन ते पाच वर्षं आणि रॅमला बहुधा त्याहून बरीच जास्त असते. भागावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी शिल्लक आहे का ते कळतं. तो नंबर आणि बिल यांचा फोटो यंत्र दुकानात देण्याआधीच काढून ठेवा.